कोऱ्या दारावरची रेष

“वहिनी, हे दार कुठून आणलंत?” ह्यांनी विचारलं.

“झाडावरून तोडलं,” जाऊबाई म्हणाल्या. “दारं कुठून आणतात, भाऊजी? गॅरेजवाल्याने दुसऱ्या गाडीचं काढून बसवलं. रंग मारून दिला. नीट बसलंय ना, तेवढं बघा.”

दार नीट बसलं होतं. उघडत होतं, लागत होतं, काच वरखाली होत होती. पण त्या निळ्या गाडीच्या अंगावरून, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, बोटभर रुंदीची एक पांढरी रेष जात होती. ती आता पुढच्या दारापाशी येऊन तुटत होती आणि मागच्या दारावर पुन्हा सुरू होत होती. मधलं हे नवं दार कोरं. पुढचा दात पडलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही असं कितीही ठरवलं तरी नजर तिथेच जाते, तसं झालं होतं. ह्यांची गाडीभोवती एक चक्कर मारून झाली, दुसरी झाली.

“फाटकाच्या खांबाला लागली,” जाऊबाईंनी न विचारताच सांगून टाकलं. “तो खांबच जरा पुढे आहे.”

खांब पहिल्यापासून होता तिथेच आहे. पण ज्या वयात बायका गुडघे चोळत बसतात त्या वयात जाऊबाई गाडी शिकल्या, आणि त्याही नवरा गेल्यावर, त्याची गाडी दारात गंजू नये म्हणून. तेव्हा चूक खांबाची, हे आम्ही दोघांनी मुकाट्याने मान्य केलं.

आमचं दुकान रेडियमचं. गाड्यांवर चिकटवायचे पट्टे, नंबर, नावं, मागच्या काचेवरचं ‘अंतर ठेवा’, सगळ्याला लोक रेडियमच म्हणतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थाने आईला सांगितलं, मुलगा पट्टेवाला आहे. कचेरीतला जावई मिळाला म्हणून आई महिनाभर हवेत होती. जमिनीवर आली तोवर बोलणी होऊन गेली होती.

दुकान दोघा भावांचं. बाजारात त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. गाडीवर लांब रेष टाकायची तर दोन माणसं लागतात. एक जण पट्ट्याचं एक टोक गाडीच्या पुढच्या बाजूला चिकटवतो. दुसरा मागच्या दिव्यापाशी उभा राहून उरलेला अख्खा पट्टा गाडीपासून वीतभर लांब, हवेत धरून ठेवतो. मग पहिला एक डोळा मिटून त्या पट्ट्यावरून बघत बघत तो अंगठ्याने थोडा थोडा गाडीला टेकवत नेतो. टोक थोरले धरायचे, रेष धाकटे टाकायचे. जन्मभर त्यात बदल झाला नाही.

मग थोरले गेले. हे मात्र बाजाराला धाकटेच राहिले. आणि तेव्हापासून ह्यांनी एकही रेष टाकली नाही. नंबर कापतात, अक्षरं चिकटवतात. कोणी पट्टे मारायला गाडी आणली की “माल संपलाय” म्हणून मोकळे होतात. मागच्या भिंतीवर सतरा रंगांचे रोल टांगलेले असतात. गिऱ्हाईक रोलांकडे बघतं, ह्यांच्याकडे बघतं आणि डोकं खाजवत निघून जातं.

मी दुकानात बसायला लागले तीही त्यानंतरच. म्हणजे ज्या कामावर माझा संसार चालला ते काम मी डोळ्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं. घरात जो माणूस बघितला त्यावरून काही कल्पना येण्यासारखी नव्हती. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. फळी ठोकली की तीवरून डबे घरंगळणार. घरातला आरसा ह्यांनीच टांगलाय, आणि त्यात बघून मी इतकी वर्षं वाकडा भांग पाडत आले आहे. लोक रेषेचं कौतुक करायचे तेव्हा मला वाटायचं, करत असतील थोरले सगळं, आणि हे बाजूला उभे राहून मान हलवत असतील.

“मग कधी आणू गाडी?” जाऊबाईंनी विचारलं.

“माल संपलाय,” हे म्हणाले.

जाऊबाईंनी भिंतीवरचा पांढरा रोल काढला आणि टेबलावर ठेवला. “हा काय आहे? पापुद्रा?”

“वहिनी, टोक धरायला माणूस नाही.”

“ही काय, धडधाकट उभी आहे.”

“मी?” मी म्हटलं.

“ही?” हेही म्हणाले. “ही दोरीवर चादर घालते तर एक कड आकाशात आणि एक जमिनीला.”

“आणि तुमचा आरसा?” मी म्हटलं. “सांगू का आरशाचं?”

जाऊबाईंना आमचं भांडण ऐकायचं नव्हतं. त्यांनी किल्ली मुठीत घेतली. “बरं. मग मी त्या मोठ्या रस्त्यावरच्या नव्या दुकानात नेते. ते दारावर ज्वाळा लावून देतात म्हणे, लाल-पिवळ्या. दाराचं कोरेपण तरी जाईल. तुमच्या भावाच्या गाडीवर ज्वाळा. बघा पटतंय का.”

हे गाडीकडे वळले. वाकून त्या कोऱ्या दारावर तळहात ठेवला, पुढून मागे फिरवला. मग म्हणाले, “उद्या सकाळी आणा. ऊन चढायच्या आत.”

त्या संध्याकाळी ताटावर बसून ह्यांनी चार घास खाल्ले आणि हात थांबवला. मी म्हटलं, एवढं काय मनाला लावून घेता? एक दारच तर आहे. नाही जमलं तर काढून टाकू.

“तसं नाही,” हे म्हणाले. “दादा टोक धरायचा ना, तेव्हा मला काही बोलावं लागायचं नाही. मी नुसतं मनात आणायचो की जरा वर हवं, आणि पट्टा वर यायचा. लोक म्हणायचे धाकट्याचा डोळा भारी. मीही म्हणायचो. पण खरं सांगू? रेष मी टाकत होतो की तो, हे मला कुठे माहीत आहे? आता उद्या वाकडी गेली तर कळेल.”

“काय कळेल?”

“की जन्मभर त्याचीच होती. मी आपला अंगठा फिरवत होतो.”

मला हसून उडवून लावता आलं असतं. एरवी मी तेच करते. पण मीही इतकी वर्षं मनात हेच धरून होते. ते उठले, हात धुतले आणि अंथरुणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

सकाळी जाऊबाई गाडी घेऊन आल्या त्या बादली आणि फडकी घेऊनच. दोघींनी मिळून गाडी धुतली. नुसतं दाराचं काम नव्हतं. जुनी रेष उन्हाने पिवळी पडली होती. तिच्यात नवा पांढरा तुकडा घातला असता तर ठिगळ दिसलं असतं. तेव्हा दोन्ही बाजूंची जुनी रेष काढायची आणि दोन्ही बाजूंना नवी टाकायची. ह्यांनी केस वाळवायचं यंत्र आणलं, त्याची गरम हवा जुन्या पट्ट्यावर मारली, नखाने कड उचलली आणि पट्टा तिरका धरून हळूहळू सोलत नेला. मग चिकटा पुसून काढला.

आणि खालून दुसरीच रेष निघाली. निळी. बाकीची गाडी इतक्या वर्षांत उन्हाने विटून फिकी झाली होती, पण पट्ट्याखालचा रंग जसाच्या तसा होता, गाडी घेतली त्या दिवशीचा. जाऊबाई फडकं हातात धरून बघत राहिल्या.

“एवढी निळी होती ही?” त्या म्हणाल्या. “मी विसरूनच गेले होते.”

त्यांनी बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. मलाही काहीतरी झालं. रोज डोळ्यांसमोरून जाणारी गाडी, आणि तिचा खरा रंग त्या दोघांच्या रेषेने इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता.

ह्यांना मात्र त्याचं कौतुक करायला सवड नव्हती. “नवी रेष बरोबर हिच्यावरच बसली पाहिजे,” ते म्हणाले. “केसभर हलली तर पांढऱ्याला निळी किनार दिसेल.”

“मग जरा जाड पट्टा लावा,” जाऊबाई म्हणाल्या. “सगळं झाकून जाईल.”

“जाड पट्टा झाकायलाच असतो, वहिनी. दादाने कधी लावू दिला नसता.”

आणि जिथे दार बदललं होतं तिथे ही निळी खूणही नव्हती. पुढच्या पत्र्यावर निळी रेष, मागच्या दारावर निळी रेष, आणि मध्ये सपाट कोरा पत्रा. तिथे डोळाच काय तो होता.

आधी खांबाला न लागलेल्या, धड बाजूला सुरुवात केली. ह्यांनी पुढच्या दिव्यापाशी टोक चिकटवलं, पट्टा उलगडत माझ्यापर्यंत आणला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि उकिडवे बसले. मी सगळा जीव बोटांत आणला. पट्टा मध्ये जरासा झोळतोय असं मला वाटलं, म्हणून मी तो घट्ट केला. आता कसा छान, दोरीसारखा सरळ झाला. हे अंगठा फिरवत निम्म्यापर्यंत आले आणि थांबले.

“ताणतेस.”

“सरळ व्हायला नको?”

“आज होईल सरळ. उद्या उन्हात तापला की तो आपल्या मूळ मापावर जाईल आणि दाराच्या फटीपाशी आखडून उघडा पडेल. ताणलेलं राहत नाही.” आणि त्यांनी तो एवढा सुंदर सरळ पट्टा उचकटून, चुरगळून टाकून दिला. माझा जीव कळवळला.

“मग धरायचं तरी कसं?”

त्यांनी जरा विचार केला. “लेकरू चालायला शिकत होतं तेव्हा बोट द्यायचीस ना? ओढायचीस का? आणि सोडायचीस का? तसं.”

दुसऱ्या वेळी मी तसं धरलं. आणि खरंच, त्या पट्ट्यातून मला ह्यांचा हात लागायला लागला. पुढे त्यांनी अंगठा दाबला की इकडे माझ्या बोटांना कळत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या मनात काय चाललंय हे एवढं स्पष्ट मला कधी कळलं नव्हतं. ते माझ्यापर्यंत पोचले, माझ्या चिमटीतलं टोक काढून घेतलं आणि दाबून टाकलं. निळी रेष पांढरीखाली अशी गेली की पापणीच्या केसाएवढीही कुठे डोकावत नव्हती. जाऊबाई “वा!” म्हणाल्या. हे रोल घेऊन उठले. खूण होती तिथे जमलं, त्यात काय, असा त्यांचा चेहरा होता.

मग कोऱ्या दाराची बाजू.

मी मागच्या दिव्यापाशी, हे पुढच्या. आमच्या मध्ये हवेत तो पांढरा पट्टा. त्यांनी एक डोळा मिटला आणि पट्ट्यावरून माझ्या दिशेने बघितलं. त्यांना मी दिसत नव्हते, दिसत होती ती फक्त रेष. पण मला ते समोर दिसत होते. आणि मी तुम्हाला खरं सांगते, हा माणूस मी घरात कधीही बघितला नव्हता. चेहऱ्यावरची सगळी ढिलाई गेली होती. नेहमी पोक काढून बसणारी पाठ ताठ होती. श्वास चालू आहे की नाही ते कळत नव्हतं. बटण आजही चुकीच्या काजात होतं, पण ते बटण बघून हसावं असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं नाही.

पुढच्या पत्र्यावर रेष निळीवर बसली. मग दाराची फट आली, आणि फटीच्या पलीकडे काही नाही. हे थांबले.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. धूळ उडाली. जाऊबाई आपसूक दोन पावलं पुढे सरकल्या आणि धूळ येत होती त्या बाजूला ओलं फडकं पसरून उभ्या राहिल्या. ट्रकचा आवाज विरला. हे तसेच. माझ्या दंडाला रग लागली होती, पण मी हलले नाही. आता वाकडी गेली तर काय होईल, हे त्या जागी मला आणि त्यांनाच माहीत होतं. दुकानाच्या भिंतीवरचे रोल मग तसेच टांगलेले राहतील. आणि भावाची आठवण आली की हा माणूस दर वेळी स्वतःला जरा आणखी खाली ढकलेल.

मला वाटलं काहीतरी करावं, जरा वर घ्यावं, जरा खाली घ्यावं. थोरल्यांनी काय केलं असतं? मला काय ठाऊक! मला पट्टा कशाशी खातात ते कालपर्यंत माहीत नव्हतं. म्हणून मी काहीच केलं नाही. बोट दिलं होतं तेवढं दिलेलं ठेवलं.

ह्यांचा डावा हात हलला. पट्टा त्या कोऱ्या पत्र्यावर उतरायला लागला, आणि अंगठा त्याच्या मागून. घाई नाही, थांबणं नाही. त्यांची नजर अंगठ्यावर नव्हतीच. ती पुढे होती, जिथे अजून काही नव्हतं तिथे. दाराच्या पोटाला जरासा फुगवटा आहे, त्या फुगवट्यावरून रेष चढली आणि उतरली, पण बघणाऱ्याला ती सरळच दिसत होती. मी मागून बघत होते, मागच्या दाराची ती निळी खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. मी मनात म्हणत होते, आता चुकेल, आता वर जाईल. रेष दार संपवून फटीवर आली, फट ओलांडली आणि निळीवर जाऊन बसली. अलीकडे नाही, पलीकडे नाही. निळं झाकलं गेलं आणि पांढरं पुढे चालू लागलं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ताऱ्यांकडे बघून येतो तसा. एवढ्याशा अंगठ्याने, एवढ्याशा डोळ्याने माणसाला हे येतं, आणि तो माणूस माझ्या घरात राहतो, माझ्याशी चहाच्या साखरेवरून भांडतो! मला त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटला. पण हातात टोक होतं.

आणि हे त्यांचंच होतं. थोरल्यांचं जे होतं ते होतंच, पण दारावरची ही रेष टाकताना दुसऱ्या टोकाला मी होते, चादर वाकडी घालणारी. आता तरी त्यांना कळलं असेल, असं मला वाटलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

पण त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते अजून रेषेतच होते. अंगठा फिरवत, उकिडवे सरकत ते मागच्या दारावरून मागच्या पत्र्यावर आले, माझ्या अगदी जवळ. पट्टा वीतभर उरला होता. त्यांनी मान वर केली नाही. मला विचारतील किंवा मघासारखं हातातून काढून घेतील म्हणून मी वाट बघत होते.

“दादा, सोड,” ते म्हणाले.

रोजच्या आवाजात. किती हजार गाड्यांपाशी म्हटलं असेल तसं.

जाऊबाई बादलीत फडकं पिळत होत्या, त्यांचा हात पाण्यातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. ‘मी आहे’ असं म्हणणं कठीण नव्हतं. पण ते म्हणायची माझी प्राज्ञा झाली नाही.

मी सोडलं.

त्यांनी शेवटची वीत अंगठ्याखाली घेतली, टोक दिव्याच्या खाचेत दुमडलं आणि प्लास्टिकची पट्टी फडक्यात गुंडाळून अख्खी रेष पुढून मागे दाबून काढली. मग पातं घेऊन दारांच्या फटींपाशी पट्टा कापला, कडा आत वळवल्या. ते सगळं होईपर्यंत त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही. एवढंच, की काम झाल्यावर ते उठले नाहीत, मागच्या चाकाला पाठ लावून जमिनीवरच बसले, एका हाताचा अंगठा दुसऱ्या हातात धरून.

मग म्हणाले, “वहिनी, दार उघडून बघा.”

जाऊबाईंनी एक बोट पदराला पुसून दाराची कडी ओढली. दार उघडलं, रेष तुटली.

“आता लावा. आणि दोन दिवस धुवू नका.”

“नाही धुणार,” जाऊबाई म्हणाल्या. एरवी एका वाक्याला चार उत्तरं देणारी बाई, पण तेवढंच म्हणाल्या. त्यांचे हात मनगटापर्यंत साबणाचे होते. त्यांनी दाराला हात लावला नाही. जरा वळून, रेषेच्या खूप वर, काचेपाशी कोपर टेकवला आणि आत कोणी झोपलेलं असावं तसं दार हळूच लोटून लावलं.